समुद्राची सुट्टी : किनारा आणि स्नॉर्कलिंगची जागा कशी निवडायची?



आपल्या वसमतपासून समुद्र किती लांब? नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तर अरबी समुद्र सरळ रेषेत साधारण साडेचारशे किलोमीटर भरतो. रस्त्याने मालवण गाठायचं तर त्याहून कितीतरी जास्त. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक लेकरांचा समुद्र हा पुस्तकातला नाहीतर मोबाईलमधला. पण अलीकडे दिवाळीच्या सुट्टीत, किंवा उन्हाळ्यात हळद विकून चार पैसे हातात आले की, गाडी करून कोकणात जाणारी घरं वाढली आहेत. काही जण तर अंदमानलाही जाऊन आले.

सुट्टीनंतर वर्गात गप्पा सुरू झाल्या की मजा येते. एक जण सांगतो, "सर, पाण्याखाली पट्ट्या-पट्ट्यांचे मासे पाहिले, हातभर अंतरावर!" दुसरा म्हणतो, "आम्हाला तर नुसतं गढूळ पाणी दिसलं. पप्पा म्हणले, पैसे पाण्यात गेले." आणि दोघंही मालवणलाच गेलेले असतात! मग फरक कशाने पडला? तारखेने, वेळेने, का जागेने? थोडक्यात सांगायचं तर तिन्हींनी. आजचा पाठ त्याबद्दल आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. शाळेची सहल समुद्रावर न्यायचा हा विषय नाही. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. त्यानंतर शालेय सहलींसाठी जे नियम आले त्यात समुद्रकिनारे, नद्या, तलाव, विहिरी अशी ठिकाणं टाळायला सांगितलेलं आहे. पण घरच्या सुट्टीत लेकरं आई-वडिलांसोबत जाणारच. आणि आई-वडिलांनीही बऱ्याचदा समुद्र पहिल्यांदाच पाहिलेला असतो. म्हणून हा पाठ लेकरांइतकाच त्यांच्यासाठी आहे.

दोन वेगळ्या जागा, दोन वेगळी कामं

स्नॉर्कलिंग म्हणजे काय? डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मास्क, तोंडात एक वाकडी नळी, आणि पाण्यावर पालथं पडून खाली बघत राहायचं. बुडी मारायची नसते. पाठीवर हवेची टाकी घेऊन खाली जातात ते स्कूबा डायव्हिंग, ते वेगळं.

आता नीट लक्ष द्या. लेकरांना खेळायला जो किनारा चांगला, तो स्नॉर्कलिंगला बहुधा निकामी असतो. आणि स्नॉर्कलिंगला जी जागा चांगली, तिथे लेकरांना खेळायला सोडता येत नाही. का? खेळायला वाळू पाहिजे, उतार हळूहळू पाहिजे, पायाला दगड लागायला नको. पण वाळूत मासा राहील कशाला? त्याला खायला शेवाळ पाहिजे, लपायला कपार पाहिजे. म्हणजे खडक पाहिजे, किंवा प्रवाळ पाहिजे. आपल्या माळावरचंच बघा ना. मोकळ्या रानात एखादी टिटवी दिसते. पण बाभळीच्या झाडोऱ्यात शिरलं की चिमण्या, सातभाई, होले, सरडे, सगळी वस्ती असते. समुद्राच्या तळाचंही तसंच आहे.

बरेच लोक एकच सुंदर किनारा फोटो बघून निवडतात आणि तिथेच सगळं उरकायचं ठरवतात. तिथे निराशा होते. किनारा एक, स्नॉर्कलिंगची जागा दुसरी, असं आधीच धरून चाललं की अर्धं काम झालं.

मालवणचा नकाशा उघडा

शक्य असेल तर वर्गात सिंधुदुर्ग जिल्ह्याचा नकाशा लावा. मालवण शहर, समोर पाण्यात सिंधुदुर्ग किल्ला, दक्षिणेला वायरी, तारकर्ली, आणि पुढे देवबाग.

चौथीला शिवछत्रपती शिकवताना सिंधुदुर्ग येतोच. १६६४ मध्ये कुरटे नावाच्या बेटावर महाराजांनी त्याचा पाया घातला. ही जागाच का? एक कारण म्हणजे बेटाभोवती पाण्यात लपलेले खडक. परक्या माणसाने जहाज आणलं तर तळ फुटणार. खडकांमधली वाट फक्त तिथल्या माहीतगार कोळ्यांना ठाऊक. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्या खडकांनी किल्ला राखला, त्याच खडकांवर आज शेवाळ, समुद्रफुलं, थोडेफार प्रवाळ आणि रंगीत मासे आहेत. म्हणून मालवणचं स्नॉर्कलिंग मुख्यतः किल्ल्याच्या आसपास चालतं. बोटीने नेतात, उथळ जागी उतरवतात. इतिहास आणि विज्ञान एकाच दगडावर भेटायची अशी संधी सारखी येत नाही, वर्गात जरूर सांगा.

या भागाला १९८७ मध्ये मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केलं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यावरून तिथल्या मच्छीमारांचे स्वतःचे प्रश्न आणि हरकती आहेत, पण तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

आता तारकर्ली. वाळू कोकणातल्या बऱ्याच किनाऱ्यांपेक्षा उजळ. उत्तर कोकणात काळ्या बेसॉल्टचा प्रदेश आहे, तिथली वाळू करडी-काळपट. सिंधुदुर्गात जुन्या, गारगोटीसारख्या खनिजाच्या खडकांचा भाग येतो. कासार्डे परिसरातली सिलिका वाळू प्रसिद्ध आहे. किनारा लांबच लांब, बसायला-फिरायला उत्तम. पण मासे बघायला तारकर्लीच्या वाळूवर उभं राहून उपयोग नाही, बोटीने खडकापर्यंत जावंच लागतं.

मालवण शहरातच चिवला किनारा आहे. तिथे दरवर्षी समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा होतात. थोडा आत वळलेला किनारा असल्यामुळे लाटांचा मारा कमी. लहान लेकरं घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी चिवला सुचवेन. फोटोत तो तारकर्लीइतका ऐटबाज दिसत नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि देवबाग. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. टोकाला संगम. बघायला फारच देखणं ठिकाण. पण जिथे नदी समुद्राला मिळते तिथे दोन गोष्टी होतात. नदी गाळ आणते, त्यामुळे पाणी गढूळ. आणि भरती-ओहोटीचं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून आत-बाहेर करतं, त्यामुळे ओढ जबरदस्त. नदीच्या मुखाशी ना स्नॉर्कलिंग, ना पोहणं. बोटीतून संगम बघा, हात जोडा आणि परत या.

पाणी स्वच्छ केव्हा असतं?

प्रवाळ म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. लेकरांना अंगठीतलं पोवळं माहीत असतं, त्यामुळे त्यांना तो दगड वाटतो. मोठी माणसंही त्याला वनस्पती समजतात. प्रवाळ हा प्राणी आहे. टाचणीच्या डोक्यापासून बोटाच्या पेराएवढे हजारो इवले जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि चुन्याचं घर बांधतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. म्हणजे भाडेकरूच घरमालकाला जेवू घालतो!

यावरून पुढचं सगळं उलगडतं. शैवालाला ऊन पाहिजे, म्हणून पाणी उथळ आणि स्वच्छ पाहिजे. पाणी खारं आणि उबदार पाहिजे. गाळ नको. आता कोकण बघा. चार महिने धो-धो पाऊस, सह्याद्रीवरून डझनावारी नद्या लाल माती घेऊन येतात. म्हणून कोकणात प्रवाळाची मोठी भिंत तयार होत नाही, खडकावर तुकड्या-तुकड्याने वाढतं. मालवणला जाताना अंदमानचे फोटो डोक्यात ठेवून जाऊ नका. चांगल्या दिवशी पाच-सात मीटरपर्यंतचं दिसतं, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला तेवढं भरपूर आहे. अंदमान-लक्षद्वीपला मोठी नदीच नाही. तिथे पंधरा-वीस मीटर खालचा तळही दिसू शकतो.

महिना कोणता? जून ते ऑगस्ट कोकणात जलपर्यटन बंदच असतं. दिवाळीत हवा छान असते, पण पावसाळ्याचा गाळ पूर्ण बसलेला असेलच असं नाही. डिसेंबर ते मार्च हा मालवणचा सगळ्यात भरवशाचा काळ. मे महिन्यात आपल्याला सुट्टी असते खरी, पण मेच्या शेवटी समुद्र फिरायला लागतो. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. मे मध्येच जायचं असेल तर पहिल्या पंधरवड्यात जा.

आणि वेळ? सकाळची. याचं कारण आपल्या भूगोलाच्या पुस्तकातच आहे : खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, आणि समुद्रावरून वारा जमिनीकडे येतो. हे खारे वारे. दुपारनंतर त्यांचा जोर वाढतो, लाटा उठतात, तळाची वाळू ढवळली जाते. रात्री उलटं होतं, आणि पहाटे-सकाळी पाणी ताटात ठेवल्यासारखं शांत. परीक्षेत तीन मार्काला येणारा हा प्रश्न सुट्टीत खरोखर कामाला येतो. नऊ वाजता पाण्यात असलेल्या घराला मासे दिसतात. निवांत नाश्ता करून दीड वाजता बोटीत बसलेल्याला उलट्या होतात.

भिंतीवरच्या कॅलेंडरचं गणित

हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण यात गुणाकार-भागाकार आहे.

कोकणात भरतीची वेळ काढायची जुनी रीत आहे. तिथीला ३ ने गुणा, ४ ने भागा. जे उत्तर येईल ती भरतीची वेळ. दिवसातून दोनदा भरती, म्हणून तीच वेळ रात्री आणि तीच दिवसा, साधारण. उदाहरण घेऊ. चतुर्थी : ४ गुणिले ३ = १२, भागिले ४ = ३. म्हणजे तीनच्या सुमाराला भरती. षष्ठी : १८ भागिले ४ = साडेचार. पौर्णिमा किंवा अमावास्या १५ धरायची : ४५ भागिले ४ = सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तास बारा मिनिटांनी ओहोटी. यात अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, नेमकी वेळ तिथल्या बोटवाल्याला विचारायची. पण घरी बसून सहलीचा बेत आखायला हे गणित पुरेसं आहे.

हे जमतं कसं? चंद्र रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा उगवतो, आणि भरती चंद्रामागे चालते. ३ भागिले ४ तास म्हणजे ४५ मिनिटं. आपल्या पूर्वजांनी ५० ची ४५ करून हिशेब सोपा केला, एवढंच.

आता या गणिताचा उपयोग बघा. स्नॉर्कलिंगला सगळ्यात चांगलं पाणी भरती पूर्ण होत आली की असतं. बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं, आणि पाणी थोडा वेळ स्थिर राहतं. ओहोटीला किनाऱ्याचा गाळ बाहेर ओढला जातो, शिवाय खडक वर आल्याने गुडघे सोलतात. म्हणजे आपल्याला सकाळी आठ-नऊच्या सुमाराची भरती पाहिजे. गणित उलटं सोडवा. दशमी : साडेसात. एकादशी : सव्वाआठ. द्वादशी : नऊ. दुसरा फायदा असा की पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती असते, पाणी खूप चढतं आणि तितक्याच जोराने उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती सौम्य. दशमी-द्वादशी त्यामानाने शांत. त्यामुळे मालवणला जायचं तर दशमी ते द्वादशी उत्तम. फक्त एकादशी धरणाऱ्या वारकरी घराने मालवणला पोचून माशांच्या ताटाकडे नुसतं बघत बसायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं!

एक सूचना. हे गणित आपल्या कोकण किनाऱ्याचं आहे. अंदमानला किंवा पुरीला ते जसंच्या तसं लावू नका, प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी असते.

"सर, मला तर पोहता येतं"

हे वाक्य मी दरवर्षी ऐकतो. आपल्याकडची पोरं विहिरीत आणि कॅनॉलला पोहायला शिकतात आणि चांगली तरबेज होतात. पण विहिरीचं पाणी जागेवर उभं असतं, कॅनॉलचं एकाच दिशेने जातं. समुद्राचं पाणी येतं, जातं, आणि जाताना चोरवाटेने जातं.

ती चोरवाट समजून घ्या. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. एवढं पाणी परत तर गेलं पाहिजे. ते सगळीकडून सारखं परत जात नाही. वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या खोलगट पट्टीतून जोरात परत जातं. फसवणूक कुठे होते? त्या पट्टीत लाटा फुटत नाहीत. दोन्हीकडे पांढरा फेस, आणि मध्ये शांत, जरा गडद पाणी. नवख्या माणसाला वाटतं, वा, इथे लाटाच नाहीत, इथेच उतरू. आणि तीच जागा आत ओढते. कसलेला पोहणाराही त्या ओढीच्या विरुद्ध किनाऱ्याकडे पोहत राहिला तर दमतो, आणि दमला की बुडतो. अशा वेळी किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं. ती पट्टी फार रुंद नसते. तिच्यातून बाजूला निघालं की लाटाच किनाऱ्याकडे आणतात. पोहता येत नसेल तर हातपाय न झाडता तरंगत राहून हात वर करायचा. आणि काठावरच्यांनी साखळी करून आत धावायचं नाही, दोरी, रिकामा कॅन, ट्यूब, जे तरंगेल ते फेकायचं.

एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीला बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण बुडाले. मोठी, शिकलेली माणसं होती ती. मुरूडची घटना फेब्रुवारीतली, ही एप्रिलमधली. पावसाळा तेव्हा जवळपासही नव्हता. पालकांनो, "आज समुद्र शांत दिसतोय" या वाक्यावर विसंबू नका. किनाऱ्यावर जीवरक्षक आहे का, त्याने कुठे झेंडे लावलेत, तिथला माणूस काय म्हणतो, हे आधी बघा. नसेल कोणी, तर गुडघ्याच्या वर पाणी नाही. लेकरू मनगटाला धरलेलं पाहिजे, मोबाईल दुसऱ्याच्या हातात.

अजून एक गैरसमज. "समुद्राचं पाणी खारं, त्यात माणूस आपोआप तरंगतो." वर्गात प्रयोग करा. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवा, समुद्रात साधारण तेवढंच असतं. त्यात ताजं अंडं सोडा. ते तळाला जाईल! आपण अंड्याचा प्रयोग दाखवतो तेव्हा मुठी-मुठीने मीठ टाकतो, म्हणून ते तरंगतं. समुद्राच्या पाण्याने तरंगायला थोडीशी मदत होते, एवढंच. लाईफ जॅकेट घालायचंच, पट्टे आवळून घालायचं. सैल जॅकेट पाण्यात वर सरकतं आणि नाकातोंडावर येतं.

नळी लांब का नसते?

लेकरांच्या डोक्यात हा प्रश्न हमखास येतो. नळी दहा फुटांची केली तर तळाला बसून श्वास घेता येईल की!

गणित करू. एक फूट बाय एक फूट जागेवर एक मीटर उंच पाणी उभं केलं तर त्याचं वजन भरतं सुमारे ९३ किलो. म्हणजे पाण्याखाली फक्त एक मीटर गेलात तरी छातीवर पन्नास किलोची जवळजवळ दोन पोती ठेवल्यासारखं होतं. मोंढ्यातल्या हमालाच्या पाठीवर दोन पोती एकदम दिली तर काय होईल? इथे तर छाती फुगवून हवा ओढायची आहे. ते जमत नाही. शिवाय लांब नळीत आपणच सोडलेली वापरलेली हवा अडकते आणि तीच परत आत येते. म्हणून नळी साधारण दीड फुटाच्या आतच असते. कोणी घरी पाईप जोडून लांब करायचा प्रयोग करत असेल तर तो तिथेच थांबवा.

आणि मास्क कशाला? विहिरीत डोळे उघडे ठेवले तर सगळं पुसट दिसतं, हा अनुभव सगळ्यांना आहे. आपला डोळा हवेतून येणारा प्रकाश वाकवायला बनलेला आहे. पाणी थेट डोळ्याला भिडलं की प्रकाश हवा तेवढा वाकत नाही. मास्कमुळे डोळ्यासमोर हवेचा कप्पा राहतो, म्हणून स्पष्ट दिसतं. पण प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकतोच, त्यामुळे वस्तू खऱ्यापेक्षा साधारण एक तृतीयांश मोठी आणि जवळ भासते. परत आल्यावर "एवढा मोठा मासा!" म्हणून हात पसरणारे अगदीच खोटं बोलत नसतात.

मास्क निवडताना पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने हवा आत ओढा. मास्क चिकटून राहिला तर मापाचा. कपाळावरचे केस आत अडकू देऊ नका. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरतं. आपल्याकडे मिशी काढायला सांगणं अवघड आहे, म्हणून वरच्या ओठावर थोडं व्हॅसलीन लावायचं. आणि बोटीवरून उतरण्याआधी उथळ जागी उभं राहून, तोंड पाण्यात घालून, पाच मिनिटं फक्त तोंडाने श्वास घ्यायचा सराव करायचा. घाबरणारं लेकरू असेल तर जबरदस्ती नको. त्याला बोटीतच बसू द्या.

बेटावर जायचं ठरलं तर

अंदमान म्हटलं की आपल्याला सेल्युलर जेल आणि सावरकर आठवतात, आणि बहुतेकांचा पहिला दिवस तिथेच जातो. आपल्या पूर्णेचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळतं आणि अंदमान त्याच उपसागराच्या पलीकडच्या कडेला, हेही नकाशावर दाखवता येईल.

बेटाचा एक मोठा गुण असतो. त्याला चारी बाजूंनी किनारा असतो. त्यामुळे वारा कोणत्याही दिशेने आला तरी एखादी बाजू आडोशाला राहतेच. हिवाळ्यात तिथे वारा ईशान्येकडून येतो, म्हणून पश्चिमेकडचे किनारे शांत. पावसाळ्यात नैऋत्येकडून येतो, तेव्हा तेच किनारे खवळलेले. कोणत्या महिन्यात जाणार, वारा कुठून असणार, आणि किनाऱ्याचं तोंड कुठे, एवढं तीन गोष्टींचं कोडं सोडवलं की निवड सोपी होते. जानेवारी ते एप्रिल हा काळ बरा.

एकाच छोट्या बेटावर किती फरक असतो बघा. शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचं नील बेट. तिथला भरतपूर किनारा उथळ, आणि प्रवाळ जवळच. मात्र ओहोटीला इतकं उथळ होतं की प्रवाळावर पाय पडतो, म्हणून पाणी असताना जायचं. लक्ष्मणपूर-२ नावाच्या किनाऱ्यावर दगडाची नैसर्गिक कमान आहे. तिथे उलट ओहोटीलाच जायचं. पाणी उतरलं की खडकातल्या डबक्यांत मासे, खेकडे, समुद्रकाकड्या पायाजवळ दिसतात, पोहायची गरजच नाही. ज्यांना पाण्याची भीती वाटते अशा आजी-आजोबांना हा किनारा फार आवडतो. आणि सीतापूर सूर्योदय बघायला, तिथे लाटा असतात.

स्वराज द्वीपवरचा, म्हणजे हॅवलॉकचा, राधानगर किनारा जगप्रसिद्ध. पांढरी वाळू, मागे उंच झाडं. पण तो वाळूचा किनारा, मासे बघायला तिथले लोक एलिफंट बीचला जातात. अंदमानच्या खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, आणि २०१० मध्ये राधानगरजवळच स्नॉर्कलिंग करणाऱ्या एका परदेशी पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. मगरीची पाटी दिसली तर ती शोभेची नाही.

लक्षद्वीपची बेटं प्रवाळानेच बनलेली आहेत. बाहेर प्रवाळाची तटबंदी, आत निळंशार उथळ तळं, त्याला लगून म्हणतात. तटबंदीवर लाटा फुटतात आणि आतलं पाणी शांत राहतं. नवशिक्यासाठी याहून चांगली जागा भारतात नसेल. पण जायला प्रवेश परवाना लागतो, राहायच्या जागा मोजक्या, आणि खर्चही बराच. आपल्यापैकी बहुतेकांना मालवणच जवळचं.

हात खिशात

समुद्र तापला की प्रवाळ आपल्या अंगातलं शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. फार दिवस तसंच राहिलं तर मरतं. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये आपल्या बेटांवर हे मोठ्या प्रमाणात झालं. त्यामुळे "प्रवाळ पांढरं, किती सुंदर" असं वाटलं तर समजून घ्या, ते आजारी आहे. अनेक प्रकारची प्रवाळं वर्षाला एखाद-दोन सेंटीमीटरच वाढतात. पायाने एक फांदी मोडली की आपल्या पहिलीतल्या लेकराच्या वयाएवढी वाढ गेली. उभं राहायचं असेल तर वाळूवर, नाहीतर तरंगत राहायचं.

बऱ्याच ठिकाणी मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात पाव किंवा बिस्किटं टाकतात. फोटो छान येतो. पण शेवाळ खाणारा मासा पाव खायला लागला की प्रवाळावरचं शेवाळ कोण साफ करणार? आपण बोटवाल्याला "दादा, पाव नको टाकू" असं म्हणू शकतो. आपलं गिऱ्हाईक म्हणून तो ऐकतोही. आणि आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा पिशवीत टाकू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला वाघाइतकं संरक्षण आहे, आणि बेटांवरून परतताना विमानतळावर सामान तपासतात.

वर्गासाठी उपक्रम

१. घरच्या कॅलेंडरमध्ये दिवाळीची सुट्टी शोधा. त्यात दशमी, एकादशी, द्वादशी कोणत्या तारखांना येतात ते लिहा आणि त्या दिवशीची भरती-ओहोटीची वेळ काढा.

२. सिंधुदुर्गच्या नकाशात नद्यांची मुखं निळ्या रंगाने आणि खडकाळ किनारे तपकिरी रंगाने दाखवा. पोहायला कुठे जाल, मासे बघायला कुठे, आणि कुठे उतरणारच नाही, ते शेजारी लिहा.

३. अंड्याचा प्रयोग करताना मीठ मोजून टाका. अंडं तरंगायला लिटरमागे किती ग्रॅम लागलं ते वहीत नोंदवा, आणि त्याला ३५ ने भागून बघा.